शिशाच्या ओळंब्यापासून पाण्याखालच्या पाटीपर्यंत

भूगोलाच्या तासाला प्रवाळबेटांचे प्रकार शिकवताना आपण फळ्यावर तीन आकृत्या काढतो. पहिल्या आकृतीत बेटाच्या किनाऱ्याला बिलगलेली अनुतट प्रवाळभित्ती असते. दुसरीत किनारा आणि भिंत यांच्यामध्ये पाण्याचा रुंद पट्टा असतो. ती रोधक प्रवाळभित्ती. तिसरीत मधले बेट नाहीसे झालेले असते आणि उरते फक्त एक कडे, म्हणजे कंकणद्वीप. विद्यार्थी आकृत्या उतरवून घेतात आणि नावे पाठ करतात. पण एखाद्या मुलीने विचारले, "हे पाण्याखाली जाऊन पाहिले कोणी?" तर काय सांगणार? ह्या तीन आकृत्या ज्याने एका सूत्रात ओवल्या त्या चार्ल्स डार्विनपाशी पाण्याखाली उतरून पाहण्याचे कोणतेही साधन नव्हते. जहाजात राहून, वरून दोरी सोडून त्याने हे सारे ताडले होते.

प्रवाळभित्तीविषयीच्या ज्ञानाचा इतिहास हा बऱ्याच अंशी जहाजात मुक्काम करून केलेल्या अभ्यासाचा इतिहास आहे. त्यात पाहणाऱ्याची जागा बदलत गेली. आधी तो डेकवर उभा होता, मग शिरस्त्राण घालून तळावर उतरला, पुढे माशासारखा मोकळा पोहू लागला आणि अखेरीस त्याच जागी वर्षानुवर्षे परत येऊ लागला. जागा बदलली की दिसणारी गोष्ट बदलली आणि त्याबरोबर विचारले जाणारे प्रश्नही बदलले. हा प्रवास शिक्षकमित्रांपुढे मांडावा असे आम्हाला वाटते, कारण विज्ञान कसे घडते हे त्यात लख्ख दिसते.

चरबी लावलेला ओळंबा

१८३६ च्या एप्रिल महिन्यात 'बीगल' हे जहाज हिंदी महासागरातील कीलिंग बेटांपाशी आले. ही बेटे म्हणजे एक कंकणद्वीप. डार्विन भरती-ओहोटीच्या वेळा साधून, हातातल्या लांब काठीच्या आधाराने उड्या मारीत भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत गेला. त्यापलीकडे मात्र लाटांचा मारा आणि खोल पाणी होते.

तिथून पुढचे काम जहाजाच्या दोरीने केले. कप्तान फिट्झरॉय याने बाहेरच्या उतारावर ठिकठिकाणी शिशाचा ओळंबा सोडून खोली मोजली. ओळंब्याच्या बुडाला चरबी लावलेली असे. तळ वाळूचा असला तर चरबीला वाळूचे कण चिकटत. तळाशी जिवंत प्रवाळ असले तर चरबीवर त्यांचे ठसे उमटत आणि वाळूचा कणही येत नसे. दहा वावांपर्यंतच्या खोलीत ओळंबा दरवेळी स्वच्छ ठसे घेऊन वर आला. जसजशी खोली वाढली तसतसे ठसे विरळ झाले, वाळू वाढली आणि शेवटी नुसती वाळूच येऊ लागली. वाव म्हणजे सहा फूट. भिंत बांधणारे प्रवाळ वीस ते तीस वावांच्या, म्हणजे साधारण ३६ ते ५५ मीटरच्या खाली वाढत नाहीत, असा निष्कर्ष डार्विनने काढला.

मग अडचण उभी राहिली. किनाऱ्यापासून अवघ्या २,२०० यार्डांवर फिट्झरॉयने ७,२०० फूट दोरी सोडली, तरी तळ लागला नाही. प्रवाळ फक्त उथळ पाण्यात वाढतात, तर अथांग समुद्रातून वर आलेल्या ह्या भिंतीचा पाया कोणी घातला? डार्विनचे उत्तर असे : पाया आधी उथळ पाण्यातच होता. तो होता ज्वालामुखीच्या बेटाचा किनारा. बेट अतिशय सावकाश खचत गेले आणि प्रवाळ त्याच वेगाने वरवर वाढत राहिले. बेट अर्धवट बुडाले तेव्हा रोधक भित्ती झाली आणि पूर्ण बुडाले तेव्हा कंकणद्वीप. आपल्या फळ्यावरच्या तीन आकृत्या म्हणजे तीन वेगळ्या वस्तू नसून एकाच गोष्टीच्या तीन अवस्था आहेत. ही कल्पना त्याला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर, खरी प्रवाळभित्ती पाहण्यापूर्वीच सुचली होती. १८४२ साली त्याने तिच्यावर पुस्तक प्रसिद्ध केले.

डेकवरचा श्रीमंत आणि बेटातले भोक

सगळ्यांना हे पटले नाही. १८७२ ते १८७६ ह्या काळात 'चॅलेंजर' जहाजाने जगभरच्या समुद्रांचे संशोधन केले. त्या सफरीतील जॉन मरे याचे म्हणणे असे की, खचण्याची काही गरज नाही. समुद्रतळावरच्या टेकड्यांवर सूक्ष्म जीवांची कवचे साचत जातात, माथा पुरेसा उथळ झाला की त्यावर प्रवाळ वाढतात आणि मधला भाग पाण्यात विरघळून सरोवर बनते.

मरेच्या बाजूने उभा राहिला अमेरिकेचा अलेक्झांडर अगासी. तांब्याच्या खाणींमुळे तो गडगंज श्रीमंत झाला होता आणि तो पैसा त्याने समुद्रसंशोधनात ओतला. भाड्याच्या आगबोटी घेऊन तो प्रवाळसमुद्रांत फिरला. १८९६ मध्ये ऑस्ट्रेलियाची ग्रेट बॅरिअर रीफ, १८९७ मध्ये फिजी, नंतर प्रशांत महासागरातील बेटे आणि १९०१-०२ मध्ये कोलंबोहून निघून मालदीव त्याने पाहिले. त्याच्या हयातीत इतक्या प्रवाळभित्ती क्वचितच कोणी पाहिल्या असतील. तरीही वाद मिटला नाही. डेकवरून शंभर बेटे पाहिली काय आणि एक पाहिले काय, बेटाच्या पोटात काय आहे हे वरून दिसत नाही.

हे डार्विनला कळत होते. एखाद्या अतिश्रीमंत माणसाने कंकणद्वीपांवर खोल भोके पाडून घ्यावीत, अशी इच्छा त्याने १८८१ मध्ये अगासीलाच लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली होती. पुढच्याच वर्षी डार्विन वारला. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९६ ते १८९८ या काळात प्रशांत महासागरातील फुनाफुती बेटावर छिद्र पाडले. ते सुमारे ३४० मीटर खोल गेले. वरपासून खालपर्यंत प्रवाळभित्तीचाच खडक लागला, पण ज्वालामुखीचा पाषाण लागला नाही. डार्विनचे समर्थक म्हणाले, पाहा, प्रवाळ राहू शकत नाहीत इतक्या खोलीवरही प्रवाळखडक आहे. विरोधक म्हणाले, तो वरून तुटून घरंगळलेला राडारोडा असेल.

निकाल लागला १९५२ साली, मार्शल बेटांपैकी एनेवेटाक येथे, आणि तो एका क्लेशकारक पार्श्वभूमीवर. अमेरिकेने तेथील रहिवाशांना हलवून ते बेट अण्वस्त्रांच्या चाचण्यांसाठी घेतले होते. तेथे दोन खोल छिद्रे घेण्यात आली. प्रवाळजन्य चुनखडक संपून सुमारे १,२६७ आणि १,४०५ मीटर खोलीवर ज्वालामुखीचा पाषाण लागला. ओळंब्याच्या चरबीवरून बांधलेला तर्क एकशेदहा वर्षांनी खरा ठरला. अर्थात डार्विनच्या चित्रात पुढे भर पडली. हिमयुगांत समुद्राची पातळी शंभर मीटरहून अधिक खालीवर झाली आणि आजच्या कंकणद्वीपांचा आकार ठरवण्यात तिचा मोठा वाटा आहे, असे आता मानले जाते. आपल्या तीन आकृत्या शिकवताना ही चौथी गोष्टही सांगायला हवी.

शिरस्त्राण घालून

पण छिद्र पाडून मिळतो तो दगड. दगड बांधणारा प्राणी कसा जगतो, हे त्याला विचारता येत नाही. त्यासाठी पाण्यात उतरणे भाग होते.

मोत्यांच्या शिंपल्यांसाठी श्वास रोखून बुडी मारणारे लोक मन्नारच्या आखातापासून प्रशांत महासागरापर्यंत शेकडो वर्षे प्रवाळांमध्ये वावरत होते. त्यांचे ज्ञान मोठे होते, पण ते शास्त्रीय ग्रंथांत फारसे आले नाही. एकोणिसाव्या शतकात पाणबुड्याचे शिरस्त्राण आले. धातूचे शिरस्त्राण डोक्यावर ठेवायचे, वर नावेतल्या सोबत्याने नळीतून हवा पंप करायची आणि आपण तळावर चालायचे. १९२७ मध्ये अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञ विल्यम बीब हैतीला गेला तो 'लेफ्टनंट' नावाच्या शिडाच्या जहाजातून. जहाजच त्याचे घर आणि प्रयोगशाळा होती. तेथून शिरस्त्राण घालून तो प्रवाळांत उतरे.

पुढच्या वर्षी एक मोठे काम सुरू झाले. मॉरिस यंग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश शास्त्रज्ञांची एक तुकडी ग्रेट बॅरिअर रीफवरील लो आइल्स या चिमुकल्या बेटांवर गेली आणि जुलै १९२८ पासून वर्षभर तेथे राहिली. राहण्याची झोपडी बेटावर, आणि फिरण्यासाठी 'लुआना' ही छोटी नौका. तुकडीत स्त्री-शास्त्रज्ञही होत्या, ही त्या काळात सहज घडणारी गोष्ट नव्हती. पूर्वीच्या मोहिमा आठ-पंधरा दिवस थांबून नमुने घेऊन जात. ह्या तुकडीने एकाच जागेचे सारे ऋतू पाहिले.

प्रवाळाच्या शरीरात एकपेशीय शैवाल राहतात, हे तोवर माहीत झाले होते. त्या दोघांचे नाते काय, हा यंग यांचा प्रश्न होता. प्रवाळ हे मांसाहारी असून सूक्ष्म प्राणी पकडून खातात, हे त्यांनी दाखवले. शैवालाकडून प्रवाळाला अन्न मिळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे हा निष्कर्ष मागे पडला. किरणोत्सारी कार्बनचा माग काढून १९५८ मध्ये मस्कटीन आणि हँड यांनी समुद्रफुलामध्ये (हा प्रवाळाचा नातेवाईक) शैवालाने बनवलेले अन्न यजमानाच्या शरीरात जाते, हे दाखवले. प्रवाळांतही तसेच घडते. पण यंग यांच्या तुकडीची एक नोंद आज फार मोलाची वाटते. त्रास झाला की, उदाहरणार्थ पाणी फार तापले की, प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात, असे त्यांना आढळले. १९२९ च्या उन्हाळ्यात लो आइल्सच्या उथळ पाण्यात त्यांनी हे प्रत्यक्ष घडताना पाहिले. आज ज्याला आपण प्रवाळांचे विरंजन म्हणतो, त्याची ही एक जुनी शास्त्रीय नोंद.

नळी तुटली

शिरस्त्राणातला माणूस नावेला नळीने बांधलेला होता. तो तळावर चालू शके, पण माशांमागे पोहू शकत नसे. व्हिएन्नाच्या हान्स हास ह्या विशीतल्या तरुणाने १९३९ मध्ये कॅरिबियन समुद्रात कुरासाओ आणि बोनेर बेटांपाशी मित्रांसह बुड्या मारून पाण्याखालची छायाचित्रे काढली. पुढे त्याने पाठीवर बांधायचे प्राणवायूचे साधन वापरायला सुरुवात केली. त्याची एक मर्यादा होती. पाण्यात दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो आणि वाढत्या दाबाखाली शुद्ध प्राणवायू विषारी ठरतो. त्यामुळे थोड्याच खोलीपर्यंत निर्धास्तपणे जाता येई. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी दाबाखालची साधी हवा श्वासागणिक पुरवणारे 'ॲक्वालंग' तयार केले आणि अधिक खोलीचा मार्ग मोकळा झाला. हवेतला नायट्रोजन दाबाखाली रक्तात विरघळतो, म्हणून वर येताना सावकाश यावे लागते, नाहीतर सोड्याच्या बाटलीसारखे रक्तात बुडबुडे होतात. जहाजात राहून दिवसाला तीन-चार बुड्या मारणाऱ्यांच्या शरीरात हा नायट्रोजन साठत जातो. त्यामुळे दोन बुड्यांमध्ये किती विश्रांती हवी, याची कोष्टके पाळावी लागतात.

हासने १९५१ मध्ये 'झारिफा' हे तीन डोलकाठ्यांचे शिडाचे जहाज मिळवले. शिवणयंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या सिंगर घराण्यातील एका गृहस्थासाठी ते १९२७ साली इंग्लंडमध्ये बांधले गेले होते. शास्त्रज्ञ जहाजात राहतील, स्वतः बुडी मारतील आणि जे दिसेल ते वर येऊन लगेच प्रयोगशाळेत तपासतील, अशी ही योजना होती. पहिली सफर १९५३-५४ मध्ये कॅरिबियन आणि गालापागोसकडे झाली. दुसरी १९५७-५८ मध्ये तांबडा समुद्र, मालदीव आणि आपली निकोबार बेटे अशी झाली.

मालदीवला 'झारिफा' गेली, ह्यात एक योग आहे. कंकणद्वीपाला इंग्रजीत जो 'ॲटॉल' शब्द आहे, तो मालदीवच्या दिवेही भाषेतूनच जगभर गेला आहे.

ह्या सफरीत इरेनॉइस आयब्ल-आयबेसफेल्ट हा प्राणिवर्तनाचा अभ्यासक होता. प्रवाळांत एक लहानसा निळसर मासा असतो, अंगावर काळा पट्टा. मोठे मासे त्याच्यापाशी येऊन तोंड आणि कल्ले उघडून स्तब्ध उभे राहतात आणि हा 'सफाईवाला' त्यांच्या अंगावरचे परजीवी वेचून खातो. दोघांचाही लाभ. आयब्लने ह्या व्यवहाराचा अभ्यास केलाच, शिवाय तसाच दिसणारा दुसरा मासा तेथे वावरतो, हेही टिपले. रंग तोच, पोहण्याची लकबही तीच. पण गिऱ्हाईक निर्धास्तपणे थांबले की तो सफाई न करता त्याच्या परांचा लचका तोडतो. १९५९ मध्ये त्याने ह्या तोतयाविषयी लेख प्रसिद्ध केला. दोन्ही जातींचे मासे संग्रहालयांच्या बाटल्यांत आधीपासून होते. पण बाटलीत दोन मासे दिसतात, त्यांच्यातली फसवणूक दिसत नाही.

दुसरे उदाहरण बागवामांचे. ह्या बारीक वाम माशांचे थवे वाळूत शेपूट रोवून अर्धे अंग बाहेर काढून डोलत असतात. माणूस जवळ गेला की सगळे एकदम वाळूत गडप. जाळे ओढून ते सहसा सापडत नाहीत. मालदीव आणि निकोबारजवळच्या अशा बागवामांचे वर्णन क्लाउझेविट्झ आणि आयब्ल-आयबेसफेल्ट यांनी १९५९ मध्ये केले. त्यांतल्या एकाला त्यांनी जहाजाचे आणि हासचे असे जोडनाव दिले : 'झारिफानिया हासी'. आता त्याची प्रजाती बदलली आहे, 'हासी' तेवढे टिकले आहे.

पाण्याखाली गेले की सगळेच कळते, असे मात्र नाही. मालदीवच्या कंकणद्वीपांच्या जन्माविषयी हासने मधला भाग खचण्याची नवी उपपत्ती मांडली, पण ती सर्वमान्य झाली नाही. बेटाचे पोट पोहणाऱ्यालाही दिसत नाही. त्याला छिद्रच पाडावे लागते.

पाहणे आणि पाहण्याची वेळ

डोळा खाली पोचल्यावरही काही गोष्टी निसटतात, याचे एक ठळक उदाहरण आहे. लो आइल्सच्या तुकडीने वर्षभर प्रवाळांच्या पुनरुत्पादनाचा अभ्यास केला. त्यांना असे प्रवाळ भेटले, जे पिल्ले पोटात वाढवून मग सोडतात. बहुतेक प्रवाळ असेच करत असावेत, अशी समजूत पुढे अनेक वर्षे राहिली. १९८० च्या दशकाच्या आरंभी टाउन्सव्हिल येथील तरुण संशोधकांनी वसंत ऋतूत पौर्णिमेनंतरच्या रात्री पाण्याखाली घालवल्या. तेव्हा दिसले ते वेगळेच. अनेक जातींचे प्रवाळ त्याच थोड्या रात्रींत एकदम अंडी आणि शुक्रपेशींच्या गुलाबी पुड्या पाण्यात सोडत होते आणि त्या उलट्या पडणाऱ्या हिमासारख्या वर तरंगत जात होत्या. हे संशोधन १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. जगातला एवढा मोठा सोहळा दरवर्षी चालत आला होता. योग्य रात्री खाली कोणी नव्हते, एवढेच.

मेलेला खडक?

खाली जाऊन पाहण्याला केवळ ज्ञानाचे मोल आहे असे नाही. कधीकधी भिंतीचे जगणे-मरणे त्यावर ठरते.

१९६७ मध्ये ग्रेट बॅरिअर रीफच्या एलिसन रीफ ह्या भागातून चुनखडक खणून उसाच्या शेतीला खत म्हणून वापरण्याची परवानगी मागणारा अर्ज क्वीन्सलंडमध्ये दाखल झाला. ही भित्ती मेलेली आहे, तेव्हा ती खणण्यात नुकसान काय, असा युक्तिवाद होता. डेकवरून पाहणाऱ्याला तो खोडता आला नसता. क्वीन्सलंड लिटोरल सोसायटी ह्या संस्थेचे तरुण पाणबुडे तेथे गेले, खाली उतरले आणि तेथील जिवंत प्रवाळ, मासे आणि शंख-शिंपल्यांच्या जातींची यादी करून त्यांनी ती सुनावणीत मांडली. अर्ज नामंजूर झाला. ह्या लढ्यात कवयित्री ज्युडिथ राइट अग्रभागी होत्या. पुढे तेल काढण्याच्या बेतांविरुद्धही लोक उभे राहिले आणि १९७५ मध्ये ग्रेट बॅरिअर रीफ सागरी उद्यानाचा कायदा झाला.

पाहणाराही निर्मळ असतोच असे नाही, हेही नोंदवले पाहिजे. कुस्तो आणि लुई माल यांचा १९५६ चा प्रसिद्ध चित्रपट 'शांत विश्व' पाहणाऱ्यांना आज धक्का बसतो. मासे मोजण्यासाठी त्यात प्रवाळभित्तीत सुरुंग उडवला आहे, आणि शार्क माशांची कत्तलही आहे. तोच कुस्तो पुढे समुद्ररक्षणाचा जगातला मोठा प्रचारक झाला. पाहण्याची रीतसुद्धा शिकावी लागते.

प्रवासी आणि पाटी

१९६० नंतर ॲक्वालंग सामान्य माणसाच्या हाती आले आणि 'झारिफा'सारखी सफर पैसे भरून कोणालाही करता येऊ लागली. किनाऱ्यापासून दूरच्या भित्तींवर एका दिवसात जाऊन येणे शक्य नसते, म्हणून प्रवासी चार-आठ दिवस नौकेवरच राहतात. ह्या धंद्याचे दोष उघड आहेत. नौकेचा नांगर पडला की प्रवाळांची अनेक वर्षांची वाढ क्षणात मोडते, म्हणून आता बऱ्याच ठिकाणी तळाशी कायमचे बांधलेले बोयरे ठेवून नौका त्यांनाच बांधतात.

पण ह्या नौकांनी विज्ञानाला मदतही केली आहे. केर्न्सच्या उत्तरेकडील रिबन रीफपाशी दर जून-जुलैत बुटके मिंके देवमासे येतात आणि थांबलेल्या नौकांभोवती स्वतःहून घोटाळतात. १९९६ पासून जेम्स कुक विद्यापीठाच्या संशोधकांनी ह्या नौकांवर राहून आणि प्रवाशांनी काढलेली छायाचित्रे गोळा करून अंगावरच्या रंगखुणांवरून एकेक देवमासा ओळखायला सुरुवात केली. स्वतंत्र संशोधनजहाजाला इतके दिवस तेथे राहणे परवडले नसते.

ह्याहून साधी आणि चिकाटीची पद्धत ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सची. त्यांची माणसे जहाजात मुक्काम करून भित्तीमागून भित्ती तपासतात. लहान होडीच्या मागे दोरीने एक फळी बांधलेली असते. ती धरून निरीक्षक पाण्यावरून ओढला जातो आणि खाली पाहत राहतो. दर दोन मिनिटांनी होडी थांबते आणि तो फळीवरच्या पाटीवर जिवंत प्रवाळांचे प्रमाण लिहितो. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून हे सुरू आहे. ह्यात शोधाचा थरार नाही, पण कोणती भित्ती कधी किती जिवंत होती, याचा पुरावा आहे.

तो पुरावा आज काय सांगतो? २०१६ ते २०२५ ह्या दहा वर्षांत ग्रेट बॅरिअर रीफवर सहा वेळा व्यापक विरंजन झाले. मधल्या काळात भर भरूनही निघाली. २०२२ मध्ये उत्तर आणि मध्य भागांत नोंदी सुरू झाल्यापासूनचे सर्वाधिक प्रवाळ-आच्छादन आढळले. पण २०२४ च्या उष्णतेनंतर, २०२५ च्या अहवालात उत्तर आणि दक्षिण भागांत एका वर्षातली आजवरची सर्वांत मोठी घट दिसली. एकच वर्ष पाहणारा 'सगळे ठीक आहे' म्हणेल किंवा 'सगळे संपले' म्हणेल. चाळीस वर्षांची पाटी वाचणाऱ्याला दिसते ते असे, की भित्तीत भरून येण्याची ताकद अजून आहे, पण दोन आघातांमधला विश्रांतीचा काळ आखूड होत चालला आहे.

आपल्या लक्षद्वीपची कहाणीही अशीच आहे. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये तेथे मोठे विरंजन झाले. तेथील संशोधकांच्या नोंदींनुसार १९९८ मध्ये सुमारे ३७ टक्के असलेले प्रवाळ-आच्छादन २०२२ पर्यंत साधारण निम्म्यावर आले. १९९८ मध्ये कोणी खाली जाऊन लिहून ठेवले नसते, तर आज 'निम्म्यावर आले' हे वाक्यच लिहिता आले नसते.

आणि आपल्या दारात? विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरहून अधिक दूर, अरबी समुद्रात आंग्रिया बँक हे बुडालेले पठार आहे. त्याला आंग्रे घराण्याचे नाव आहे. माथ्यावरही सुमारे वीस मीटर पाणी आणि त्यात प्रवाळ. तेथे पाय ठेवायला इंचभर जमीन नाही. जहाजात राहून बुडी मारणे हाच अभ्यासाचा मार्ग आहे आणि अलीकडच्या काळात आपले शास्त्रज्ञ तसे करू लागले आहेत.

वर्गात करून पाहावे

एका टबात एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला खडे आणि मध्ये उलटी वाटी ठेवा. पाणी भरून वर काळे कापड ताणून बांधा आणि त्याला ओळीने भोके पाडा. जड नटाला दोरा बांधून त्याच्या बुडाला मऊ मेण लावा. मुलांनी प्रत्येक भोकातून तो सोडून खोली आणि मेणावरचा ठसा वहीत मांडावा आणि तळाचा नकाशा काढावा. मग कापड काढा. नकाशा बहुधा बराच जमलेला असतो आणि डार्विनच्या तर्काची ताकद मुलांना कळते. त्यानंतर विचारा : टबात आधीच दोन मासे सोडलेले असते, तर ते मेणाला सांगता आले असते का? ते जिवंत आहेत की मेलेले? काल किती होते?

मुले उत्तरे देतील. त्यांतून पुढचा प्रश्न आपोआप निघेल, तोही त्यांच्याकडूनच येऊ द्यावा : मग आंग्रिया बँकेवर आज काय आहे, आणि वीस वर्षांनी ते ताडून पाहायला आपल्याकडे नोंदी असतील का? ह्या वर्गातली एखादी मुलगी पुढे जहाजावर चार दिवस राहून, पाण्याखाली उतरून, तिथली पाटी लिहील, अशी आम्हाला आशा आहे.